पूर ओसरल्यावर नदीकाठच्या कुटुंबांना नेमका आधार कसा द्यायचा? (नाशिक आणि गोदाकाठ)

पंचवटी_मंडळ

नमस्कार. पंचवटीत गंगाघाटाजवळच्या वस्तीसाठी आमच्या मंडळाचा पूर-गट आहे. इशारा आला की कोणत्या गल्लीत कोण जाणार, अंथरुणाला खिळलेल्यांना कोण उचलणार, कोणत्या शाळेत न्यायचं, खिचडी कुठे शिजणार हे ठरलेलं आहे. २००८ चा सप्टेंबर असो की २०१६ आणि २०१९ चा ऑगस्ट, तसं पाणी पुन्हा येणार हे धरूनच चाललो आहोत.

आमचं अडतं ते पाणी दुतोंड्या मारुतीच्या (रामकुंडाजवळची मूर्ती, तिच्यावरून इथे पुराची पातळी ओळखतात) पायाखाली उतरल्यानंतर. घरात गुडघाभर गाळ, भांडी-कपडे गेलेले, कोणी नुसतं ओट्यावर बसून राहतं, कोणी सगळ्यांवर खेकसतं, मुलं रात्री दचकून उठतात. कार्यकर्ते मनापासून धावतात, पण बोलायचं काय, कोणाला डॉक्टरकडे न्यायचं आणि कोणाला नुसतं सोबत बसू द्यायचं, हे कळत नाही. शिवाय पाणी, आजार, औषधं यांचं नेमकं काय करायचं? जाणकारांनी प्रमाणासकट सांगावं.

---

मनोसामाजिक_कार्य

पहिल्या आठवड्यात माणसाचं मन सावरतं ते कोरडी जागा, घरची माणसं एकत्र, स्वच्छ पाणी, झोप आणि पुढे काय होणार याची खरी माहिती यांनी. त्यामुळे तुमचा खिचडीवाला आणि शौचालयाजवळ दिवा लावणारा कार्यकर्ता मानसिक आरोग्याचंच काम करतोय, हे गटाला आधी सांगा. ‘समुपदेशन’ असा फलक लावून टेबल मांडलं तर तिथे कोणी येत नाही. चहाची किटली घेऊन फिरणाऱ्याशी मात्र लोक बोलतात.

याला मानसिक प्रथमोपचार म्हणतात आणि तो डॉक्टर नसलेल्या माणसानेही करता येतो. त्याचे तीन भाग: बघा, ऐका, जोडून द्या.

बघा म्हणजे शाळेच्या खोलीत शिरल्यावर आधी नजर फिरवा. जखमी कोण, ओल्या कपड्यांत कोण, एकटं कोण, तान्हं मूल कोणाकडे, थरथरतंय कोण, काही विचारलं तरी उत्तर न देणारं कोण.

ऐका म्हणजे शेजारी, त्याच पातळीवर बसा. आपलं नाव आणि मंडळ सांगा. पहिला प्रश्न एवढाच: “आत्ता सगळ्यात आधी काय हवंय?” उत्तर साधं असतं: कोरडं परकर, मोबाइल चार्ज करायचाय, भाऊ कुठल्या शाळेत आहे ते कळायला हवं. ते एक काम पूर्ण करून परत या आणि “झालं” असं सांगा. विश्वास तिथून सुरू होतो. पुराची हकीकत ते स्वतःहून सांगत असतील तर मध्ये न तोडता ऐका. सांगत नसतील तर उकरून काढू नका. सगळ्यांना गोल बसवून प्रत्येकाकडून “काय काय झालं ते मोकळेपणाने सांगा” असं वदवून घेण्याची पद्धत पूर्वी बरीच चालायची. तिने फायदा होत नाही आणि काहींचा त्रास वाढतो, म्हणून आता ती करू नये असंच सांगितलं जातं. नेमकी हीच चूक उत्साही गटांकडून सर्वांत जास्त होते.

काही वाक्यं गटाने वापरायचीच नाहीत असं ठरवून टाका. “जीव वाचला ना, वस्तू काय परत येतील”, “रडू नका, लेकरांकडे बघा”, “देवाची इच्छा”, “तुमच्यापेक्षा पलीकडच्यांचं जास्त गेलंय”, आणि “सरकारकडून भरपाई नक्की मिळेल”. पहिली चार वाक्यं समोरच्याचं दुःख लहान करतात. पाचवं महिन्याभराने अंगावर येतं, कारण आश्वासन तुमच्या तोंडचं असतं आणि निर्णय तुमच्या हातचा नसतो. सुचत नसेल तर “फार मोठं नुकसान झालंय तुमचं” एवढं म्हणा आणि गप्प बसा. शांतता भरून काढायची घाई नको.

जोडून द्या म्हणजे नंबर लिहिलेला कागद हातात देणं नव्हे. फोन लावून द्या, खिडकीपर्यंत सोबत जा, दुसऱ्या दिवशी विचारा.

माणसाला पुरात सगळ्यात जास्त बोचतं ते आपल्या हातात काहीच न राहणं. म्हणून दिवसातून दोन-तीन निर्णय त्यांना घेऊ द्या. आधी कोणती खोली साफ करायची, कोणती वस्तू टाकायची, जेवण किती वाजता. ओल्या सामानातली कोणतीही गोष्ट मालकाला विचारल्याशिवाय ट्रॉलीत फेकू नका. चिखलाने लडबडलेला फोटो किंवा देव तुमच्या दृष्टीने कचरा असेल, त्यांच्या दृष्टीने नसेल. एक पाटी वेगळी ठेवा, “नंतर बघू” साठी. ज्यांना अंगमेहनत जमते त्यांना शिबिरात कामही वाटून द्या: पाणी वाटप, भाजी चिरणं, मुलांना सांभाळणं. बसून राहिलेल्या माणसाला “उठा, काहीतरी करा” असं सांगण्यापेक्षा “हे पाच मिनिटं धरता का?” हे जास्त चालतं.

अफवांचा बंदोबस्त हाही याच कामाचा भाग. “धरण फुटलं” असा एक संदेश फिरला की सबंध शाळा रात्रभर जागी राहते. दारात एक फळा ठेवा. त्यावर एकाच माणसाने, दर तीन तासांनी, वेळ टाकून लिहायचं: गंगापूर धरणाचा विसर्ग किती क्युसेक, होळकर पुलाखाली किती, माहिती कोणाकडून मिळाली. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. आकडा वाढला असेल तरी लिहा. लोक वाईट बातमीपेक्षा अर्धवट बातमीला जास्त घाबरतात.

आता डॉक्टरकडे कधी. पहिले दोन-तीन आठवडे झोप न लागणं, दचकणं, पावसाचा आवाज आला की छातीत धडधड, रात्री उठून नदीचं पाणी बघून येणं, चिडणं, रडू येणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप कमी होत जातं. त्याला आजार म्हणू नका. पण महिना उलटूनही तेवढंच राहिलं किंवा वाढलं, कामावर-दुकानात जाणं बंदच झालं, तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं तिथे भेटतात. घरूनच बोलायचं असेल तर टेली मानस, १४४१६, चोवीस तास, विनामूल्य, मराठीतून.

काही बाबतीत मात्र महिना थांबायचं नाही, त्याच दिवशी न्यायचं. माणूस असंबद्ध बोलतोय, ओळख पटत नाही, खाणं-पिणं पूर्ण सोडलंय, किंवा “आता जगून काय करू” असं म्हणतोय. शेवटचं ऐकलं तर सरळ विचारा: “जीव देण्याचे विचार येतात का?” विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडू नका, जवळची विषारी आणि धारदार वस्तू काढून घ्या, घरच्या एका माणसाला सांगा आणि सोबत घेऊन जा. “हे कोणाला सांगणार नाही” असं वचन देऊ नका.

---

जलतपासणी

पाण्याबद्दल मी लिहितो, कारण पूर ओसरल्यावर जुलाब, कावीळ आणि टायफॉइड यांचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं.

विहिरीसाठी: आधी पाण्याचं आकारमान काढा. गोल विहिरीचा व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (तिन्ही मीटरमध्ये) गुणिले ०.७८५, म्हणजे घनमीटर. त्याला हजाराने गुणलं की लिटर. ४ मीटर व्यास आणि ५ मीटर पाणी असेल तर साधारण ६२,८०० लिटर. नेहमीच्या दिवसांत हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर (३३ टक्के क्लोरीनची) धरतात, म्हणजे इथे जवळपास १५७ ग्रॅम. पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीला एवढ्यात भागत नाही, कारण गाळ आणि घाण आधी क्लोरीन खाऊन टाकतात. शक्य असेल तर विहीर उपसा, गाळ काढा, नवं पाणी येऊ द्या आणि मग मात्रा द्या.

पावडर थेट विहिरीत ओतू नका. बादलीत १०० ग्रॅमपर्यंतच घ्या, थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवा, बादली पाऊण भरेल इतकं पाणी घाला, ढवळा आणि ५ ते १० मिनिटं ठेवा. खाली चुन्याचा साका बसतो. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घ्या, ती दोरीने विहिरीत सोडा आणि खाली-वर, आजूबाजूला हलवून मिसळा. साका बाहेर टाका, विहिरीत नको, पाणी जड होतं. एक तास कोणी पाणी भरायचं नाही. मग ओटी टेस्ट करा (पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकतात, रंगावरून शिल्लक क्लोरीन कळतो). पुराच्या काळात तासाभरानंतर शिल्लक क्लोरीन लिटरला किमान ०.५ मिलिग्रॅम हवा. रंग आलाच नाही तर मात्रा कमी पडली, पुन्हा द्या. हे रात्री शेवटचं पाणी भरून झाल्यावर केलं तर सकाळपर्यंत काम होतं.

इमारतींच्या जमिनीखालच्या टाक्या लोक विसरतात. सोमवार पेठेपासून गंगापूर रोडच्या सखल सोसायट्यांपर्यंत कुठेही पुराचं किंवा गटाराचं पाणी शिरलं असेल तर मोटर चालू करायची नाही, नाहीतर तीच घाण वरच्या टाकीत आणि प्रत्येक नळात जाते. टाकी रिकामी करा, भिंती घासा, पुन्हा भरा, हजार लिटरला १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडरचं निवळ घाला, १२ तास तसंच ठेवा. एकदा सगळे नळ थोडे सोडून हे पाणी पाइपांतही येऊ द्या. मग सगळं ओतून टाका, साध्या पाण्याने धुवा. टाकीत उतरण्याआधी झाकण उघडून बराच वेळ हवा खेळू द्या आणि बाहेर एक माणूस उभा ठेवाच. बंद टाकीत गुदमरून माणसं दगावतात. वाचवायला म्हणून मागोमाग उतरणाराही दगावतो.

घरात पिण्यासाठी: गढूळ पाणी चौपदरी सुती कापडातून गाळा, मग एक मिनिट खळखळ उकळू द्या. गॅस नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या. वेष्टनावरचं प्रमाण वाचा, बाजारात एका गोळीला १ लिटर, ५ लिटर, २० लिटर असे वेगवेगळे प्रकार असतात आणि वाटप करताना नेमका इथेच घोळ होतो. गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबा. तुरटीने पाणी निवळतं, निर्जंतुक होत नाही. पाणी साठवायला अरुंद तोंडाचं भांडं किंवा तोटीचा पिंप. माठ असेल तर ओगराळं, हात बुडवायचा नाही.

आणखी एक. ब्लीचिंग पावडर अॅसिड किंवा संडास साफ करायच्या द्रवात कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. उघडी, दमट झालेली, वास उडालेली पावडर फेकून द्या, तिच्यात ताकद उरलेली नसते.

---

सायखेडा_चांदोरी

शहरातला पूर आणि आमचा पूर यांत फरक आहे तो लक्षात घ्या. गंगापूरचं पाणी रामकुंडावरून उतरतं, पण गोदावरी, दारणा आणि कादवा यांचं पाणी खाली नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापाशी एकत्र येतं आणि फुगवटा मागे चांदोरी-सायखेड्याकडे सरकतो. शहरात लोक झाडू हातात घेतात तेव्हा इकडे अजून पाणी तुंबलेलं असू शकतं. म्हणून मदतीच्या गाड्या शहरात संपवून उरलेलं खाली पाठवू, असा हिशेब करू नका.

शेतकरी कुटुंबांचा ताण वेगळा असतो. घर धुऊन निघतं, पण द्राक्षबागेत पाणी साचून मुळं गुदमरली, सोसायटीचं कर्ज अंगावर आणि गोठ्यातली जनावरं गेलेली, हे दुःख आठवड्यात दिसत नाही, दोन-तीन महिन्यांनी दिसतं. गेलेल्या जनावराबद्दल विचारा. म्हैस म्हणजे फक्त दुधाचा हिशेब नसतो, आणि हा प्रश्न शहरातले कार्यकर्ते विचारायचे राहून जातात.

एक ठाम सूचना: पहिल्याच फेरीत शेतावरच्या आणि घरातल्या कीटकनाशकांचं बघा. पुरात भिजलेले डबे, निघालेली लेबलं, फुटलेल्या पिशव्या धान्याजवळ पडलेल्या असतात, त्याने विषबाधा होते. आणि निराशेच्या क्षणी हाताशी विष असणं हाच सर्वांत मोठा धोका. चार-पाच घरांचा साठा मिळून एका कुलूपबंद पेटीत, किल्ली ज्याच्या मनाची घालमेल चाललीय त्याच्याकडे नको. “मुलांच्या हाती लागू नये म्हणून” असं सांगितलं तर कोणाला वाईटही वाटत नाही. कोणी प्यायलंच तर मीठपाणी पाजून उलटी काढू नका. १०८ लावा, डबा किंवा लेबल सोबत न्या. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबणाने धुवा, स्वतः हातमोजे घालून.

पंचनाम्याबद्दल: गाळ उपसण्याआधी भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं सामान, पडझड, मेलेली जनावरं यांचे फोटो घ्या. फोटोत घराचा दर्शनी भाग यायला हवा, नाहीतर भिंत कोणाची ते कळत नाही. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतील तेव्हा घरातलं कोणीतरी हजर हवं आणि आधार, बँक पासबुक, रेशन कार्ड, सातबारा यांच्या प्रती तयार हव्यात. कागद भिजले असतील तर उन्हात कडक वाळवू नका, चिकटलेली पानं ओढू नका, सावलीत वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये ठेवा. एका कार्यकर्त्याने फक्त हेच काम घेतलं तरी दहा घरांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. अर्ज भरताना रात्रीची झोप उडालेल्या माणसाचा खाते क्रमांक चुकतो आणि पैसे महिनोन्महिने अडकतात.

---

पंचवटी_मंडळ

फार उपयोगी. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. शिबिरात बीपी-शुगरची माणसं औषधं घरात सोडून येतात, त्यांचं काय? आणि रोज दारू पिणारे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथरायला, भांडायला लागतात. त्यांना बाहेर काढावं असा इतरांचा आग्रह असतो.

---

आरोग्यसेविका

थरथरणाऱ्याला बाहेर काढू नका, तो जिवाला धोका असू शकतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की काही तासांत हात कापायला लागतात, घाम, उलटी, झोप नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास होणं, नसलेली माणसं दिसणं, वेळ-जागेचं भान जाणं असं झालं तर ती तातडीची वेळ, १०८ लावून जिल्हा रुग्णालय. लोक याला ‘नाटक’ किंवा ‘बाहेरचं’ म्हणतात आणि तास वाया जातात. नोंद करतानाच खाजगीत, न रागावता विचारा: रोज घेता का, शेवटची कधी घेतली. उत्तर हो असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. औषधाने हे सुखरूप पार पडतं.

औषधांसाठी शिबिरात येताच एक वही करा. नाव, वय, आजार, गोळीचं नाव किंवा रंग-आकार, शेवटची कधी घेतली, कुठल्या दवाखान्याची. ज्यांची खंडित होऊन चालतच नाही त्यांच्यापुढे लाल खूण: इन्सुलिन, फिट, हृदय, दमा, टीबी, एचआयव्ही, डायलिसिस, आणि मानसिक आजाराच्या गोळ्या. शेवटच्या गटाबद्दल लोक सांगत नाहीत. म्हणून “झोपेची किंवा डोकं शांत राहायची काही गोळी चालू आहे का?” असं विचारा. अचानक बंद केली की आजार उलटतो आणि सगळे म्हणतात पुरामुळे वेड लागलं. टीबी आणि एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या) गोळ्या सरकारी केंद्रातून मोफत मिळतात, जवळच्या आरोग्य केंद्राला यादी कळवा.

इन्सुलिनची फोडलेली बाटली उन्हापासून दूर, गार जागी साधारण चार आठवडे चालते. फ्रिज नसेल तर पिशवीत बांधून ओलं कापड गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात ठेवा, बर्फाला चिकटवून नको. पुराच्या पाण्यात बुडालेली कोणतीही औषधं, बाटली बंद असली तरी, वापरू नका. आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला जेवण वेळेवर हवं. वाटप उशिरा झालं तर साखर उतरून तो कोसळतो, त्याच्या हाताशी साखर किंवा बिस्किटं ठेवा.

तान्ह्या बाळांसाठी दुधाची पावडर आणि बाटल्या वाटू नका, कोणी आणून दिल्या तरी. बाळांच्या दुधाच्या पावडरीच्या फुकट वाटपाला १९९२ च्या कायद्यानेच बंदी आहे आणि कारण साधं आहे: घाण पाणी, न उकळलेली बाटली, बाळाला जुलाब. आईला आडोसा, पाणी, पोटभर जेवण आणि धीर द्या. भीतीने दूध काही वेळ कमी वाटतं, पाजत राहिलं की परत येतं.

जुलाबाला ओआरएस, एक पाकीट एक लिटर पाण्यात, २४ तासांत संपवायचं. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरात असं करू नका, प्रमाण चुकतं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मुलांना सोबत झिंक १४ दिवस: सहा महिन्यांवरच्यांना रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्यांना १०. डोळे खोल गेले, लघवी होत नाही, मूल सुस्त पडलं, रक्त पडतंय, तर लगेच दवाखाना.

पुराच्या पाण्यात उतरलेल्यांना पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, अंग आणि विशेषतः पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर “चिखलात होतो” हे डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाणी-चिखलातून होणारा ताप) विचार होतो. प्रतिबंधाची डॉक्सिसायक्लिन आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम अशी देतात, पण ती आरोग्य खात्याने सांगितल्यावरच. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या तर पाय धुऊन पूर्ण कोरडे करा, रात्री उघडे ठेवा, बुरशीचं मलम लावा. खिळा-पत्रा लागला तर धनुर्वाताचं इंजेक्शन.

बायकांची एक मागणी कधी मोठ्याने होत नाही: पॅड, बदलायला आडोसा आणि वापरलेलं टाकायला झाकणाची बादली. हे कोणी मागेपर्यंत थांबू नका, आणि वाटप बाईनेच करावं. शौचालय साधारण वीस माणसांमागे एक, बायका-पुरुषांचं वेगळं, आतून कडी आणि रात्री दिवा. दिवा नसेल तर बायका संध्याकाळपासून पाणी प्यायचं बंद करतात, मग लघवीचा संसर्ग.

---

वाडा_दुरुस्ती

पंचवटी आणि जुन्या नाशकातले वाडे पाणी असताना उभे राहतात आणि उतरल्यावर, ऊन पडलं की ढासळतात, हे गटाला माहीत हवं. मातीच्या विटा आणि पांढऱ्या मातीची जोडणी पाणी पिऊन फुगते, पायथ्याची माती वाहून जाते, वरचं ओझं तेवढंच राहतं. भिंतीला पोट आलंय, दार-खिडकी अचानक अडायला लागली, तिरपी भेग रोज रुंदावतेय, छतातून माती गळतेय, यांतलं एकही दिसलं तर आत जायचं नाही, सामानासाठीसुद्धा नाही. भेगेवर कागदाची पट्टी दोन्ही टोकांना चिकटवा आणि तारीख लिहा. पट्टी फाटली तर भिंत हलतेय.

जुने भाडेकरू बाहेर पडत नाहीत त्यामागे भीती असते की एकदा खोली सोडली तर परत ताबा मिळणार नाही. त्यांना हट्टी म्हणून चालत नाही. खोलीचे फोटो, वीजबिल, भाडेपावत्या सोबत घ्या आणि “पुरामुळे तात्पुरतं स्थलांतर, ताबा सोडलेला नाही” असं पत्र मालकाला आणि महापालिकेच्या विभागीय कार्यालयाला पोच घेऊन द्या. हा कागद हातात आला की माणूस बाहेर येतो.

वीज: मीटर किंवा बोर्ड भिजला असेल तर मेन बंद, इन्व्हर्टरची बॅटरी सोडवलेली, आणि वायरमनने तपासल्याशिवाय चालू नाही. गॅस: वास आला तर कुठलंही बटण दाबू नका, चालूही नाही आणि बंदही नाही. खिडक्या उघडा, बाहेर येऊन १९०६ (गॅसगळतीची हेल्पलाइन) लावा.

गाळ ओला असतानाच काढा, वाळला की सिमेंटसारखा धरतो. फावड्याने उपसा, मग पाणी, मग साबण, आणि शेवटी ब्लीचिंगचं पाणी, लिटरला १५ ग्रॅम. चिखलावरच ब्लीचिंग शिंपडण्याचा उपयोग नाही. भिंतींना लगेच रंग किंवा सिमेंटचा गिलावा लावू नका, ओल आत कोंडते आणि बुरशी येते. दारं-खिडक्या उघड्या, पंखा लावून आठवडे वाळू द्या. तोवर चुना चालतो, तो भिंतीला श्वास घेऊ देतो. मांड्यांपर्यंतचे गमबूट, रबरी हातमोजे घाला आणि काठीने ठोकत जा. पाण्यासोबत आलेले साप कपाटाखाली, विटांच्या ढिगात बसतात. चावला तर आवळपट्टी नाही, चिरा नाही. अवयव न हलवता थेट जिल्हा रुग्णालय.

---

शाळा_पंचवटी

मुलांबद्दल थोडं. अंथरुण ओलं करणं, आईला सोडत नाही, ढग दाटले की पोटात दुखतं, ‘पूर-पूर’ खेळत राहणं, हे सगळं अपेक्षित आहे. खेळ थांबवू नका आणि ओलं केलं म्हणून रागावू नका. एकच वेळ रोज पाळा: सकाळी दहाला गाणी-गोष्टी, चारला मैदान. चित्रं काढू द्या, “पूर काढ” असं सांगू नका. “परत पाणी येईल का?” याचं उत्तर “कधीच नाही” असं देऊ नका, खोटं ठरतं. “येऊ शकतं, पण आधी भोंगा वाजेल आणि आपण सगळे या शाळेत येऊ” असं सांगा.

मोठी मुलं, बारा-पंधराची, शहाण्यासारखी वागतात म्हणून सुटून जातात. त्यांच्यावर घरचं ओझं पडतं. त्यांना वह्या-पुस्तकं आणि शाळेत परतणं लवकर मिळू द्या. शिबिरातल्या मुलांसोबत नेहमी दोन मोठी माणसं. कोणा अनोळखी ‘संस्थेने’ मूल नेण्याची गोष्ट केली तर लगेच १०९८ (चाइल्डलाइन) लावा.

---

पंचवटी_मंडळ

शेवटचं. आमची पोरं चौथ्या दिवसापर्यंत झोपतच नाहीत. आणि हे सगळं किती दिवस चालवायचं?

---

मनोसामाजिक_कार्य

पाळ्या आजच लिहा, पूर आल्यावर जमत नाही. बारा तासांपेक्षा मोठी पाळी नको, जोडीनेच जायचं, आणि पाचव्या दिवशी सक्तीची सुट्टी. ज्यांचं स्वतःचं घर बुडालंय त्यांना गटात घेऊ नका, त्यांना मदत घेऊ द्या. पाळी संपताना दहा मिनिटं उभ्या-उभ्या: काय झालं, काय उरलं, कोणाला काही जड गेलं का. बोलायची सक्ती नाही. मृतदेह काढण्याच्या कामावर विशीच्या आतला मुलगा नको.

मुदत म्हणाल तर तीन महिने धरा, पण रोज नाही. एक वही, प्रत्येक घराचं एक पान. पहिला आठवडा रोज, महिनाभर आठवड्यातून एकदा, मग सहाव्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला एक फेरी. प्रत्येक फेरीत चारच प्रश्न: झोप कशी आहे, कामावर जाता का, पंचनाम्याचं काय झालं, आजारी कोण. पान तोच कार्यकर्ता भरेल असं बघा, दर वेळी नवा चेहरा आला की कुटुंबाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. वही कपाटात कुलपात ठेवा, तिचे फोटो ग्रुपवर टाकू नका. आणि एकटे राहणारे, नुकतंच माणूस गेलेले, कर्ज असलेले, आधीपासून मानसोपचार चालू असलेले, यांच्या पानांना कोपरा दुमडून ठेवा. सहाव्या आठवड्याला बाहेरची मदत आटलेली असते, तेव्हा पहिली फेरी त्यांच्याकडे.